सीमांतपूजन कीं पाठवणी?

साताऱ्याहून कऱ्हाडाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उंब्रज हें गांव लागतें. तारळी नदी येथें कृष्णेस मिळते. समर्थ रामदासस्वामींनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक येथील मठांत असून त्याच्या स्थापनेचा शक १५७१ असा सांगतात. परंपरेप्रमाणें तुकोबांचें सदेह वैकुंठगमन झालें तें ह्याच शकाच्या फाल्गुनांत. ह्या योगायोगावर आम्हांस कसलीही इमारत रचावयाची नाहीं. परंतु देहासह वर उचललें जाणें ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाहीं, एवढें त्यावरून सहज ध्यानांत येतें. देहूच्या त्या कथेवर कोणी विश्वास ठेवील, कोणी तिचा लाक्षणिक अर्थ करील. पण ती ऐकून अपरिचित असें कांहीं ऐकल्याप्रमाणें आपल्यापैकीं कोणी दचकत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तुकोबांची कथा नसून तिच्याशीं वरवर साम्य असलेली एक ख्रिस्ती समजूत हा आहे. ती समजूत अशी: जगाच्या शेवटापूर्वीं महासंकटाचा एक काळ यावयाचा आहे; तो येण्याच्या आधीं येशू ख्रिस्त अकस्मात् मेघांत प्रकट होईल, आपल्या खऱ्या भक्तांपैकीं मृतांस कबरींतून उठवून व जिवंतांस असतील तेथून क्षणार्धांत वर उचलून घेईल, आणि बाकीचें जग मागें राहून त्या संकटांत सांपडेल. इंग्रजींत हिला ‘रॅप्चर’ म्हणतात. आपल्याकडील ख्रिस्ती लोक ‘मंडळीचें उचललें जाणें’ असें म्हणतात. तुकोबांची कथा एका संताची आहे. ही समजूत साऱ्या मंडळीची आहे, आणि जे मंडळींत नाहींत त्यांचीही आहे. ह्या विषयाकडे आम्ही कसे वळलों तें आधीं सांगितलें पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत आम्ही उंब्रजाजवळच्या पाल येथील खंडोबाच्या यात्रेस गेलों होतों. तारळीच्या कांठीं भरणाऱ्या ह्या यात्रेंत खंडोबा व म्हाळसा ह्यांचें लग्न लागतें, आणि भंडाऱ्याच्या उधळणीनें माणसें, वाटा, देऊळ सर्व पिवळें होऊन जातें. परततांना उंब्रजास एका स्नेह्यांच्या घरीं मुक्काम पडला. तेथें एक वयोवृद्ध ख्रिस्ती गृहस्थ बसावयास आले होते. यात्रेच्या लग्नाचें वर्णन चाललें असतां ते म्हणाले, “आमच्या शास्त्रांतही एक वर यावयाचा आहे, पण लहानपणीं मला त्याच्या येण्याची जेवढी धास्ती वाटे, तेवढी दुसऱ्या कशाचीही वाटत नसे.” मग त्यांनीं आपली हकीकत सांगितली. ते नऊदहा वर्षांचे असतांना गांवीं आलेल्या एका उपदेशकानें उचलले जाण्याविषयीं प्रवचन केलें. पुढें एके दिवशीं शाळेंतून ते घरीं आले, तों दार उघडें, चूल पेटलेली, परातींत कणीक मळून ठेविलेली, आणि घरांत कोणी नाहीं. हाका मारल्या, ओ नाहीं. आईला प्रभूनें नेलें आणि आपण मागें राहिलों, अशी त्यांची खात्रीच झाली. उंबऱ्यावर बसून ते रडूं लागले. इतक्यांत आई विहिरीवरून घागर घेऊन आली. रडण्याचें कारण ऐकून ती म्हणाली, “अरे, तुला टाकून मी जाईन कशी?”

“आईच्या ह्या उत्तरांत माया किती होती हें मला ठाऊक आहे,” ते गृहस्थ आम्हांस म्हणाले, “पण त्यांत शास्त्र किती होतें, हें मला आजवर कोणी सांगितलें नाहीं. आपण पुस्तकें चाळणारे. जरा पाहून सांगा.” त्यांच्या शब्दास मान देऊन आम्हीं जें पाहिलें, तें येथें मांडीत आहों.

ह्या समजुतीचा मुख्य आधार म्हणून जें वचन पुढें केलें जातें, तें पौलानें थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत आहे. हें पत्र इ. स. ५० किंवा ५१ च्या सुमारास करिंथ शहरांतून लिहिलें गेलें. नव्या करारांतील बहुधा सर्वांत जुना लेख तो हाच. थेस्सलनीकेंत पौलास फार दिवस राहतां आलें नव्हतें. दंगा झाल्यामुळें त्यास रातोरात शहर सोडावें लागलें. मागें राहिलेली मंडळी कोंवळी, तिचें शिक्षण अर्धवट, आणि प्रभु आज येतो कीं उद्यां येतो अशी तिची अपेक्षा. इतक्यांत तींतील कांहीं माणसें वारलीं. तेव्हां उरलेल्यांस प्रश्न पडला कीं, प्रभु येईल त्या वेळीं आमचीं हीं माणसें त्या भेटीस मुकणार काय?

हा प्रश्न वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा. कारण पौलाचें त्या ठिकाणचें सर्व विवेचन म्हणजे ह्या एका प्रश्नाचें उत्तर आहे. ज्यांस आशा नाहीं त्यांच्यासारखा शोक तुम्ही करूं नका, असें तो सांगतो. प्रभु स्वर्गांतून उतरेल तेव्हां मोठा घोष होईल, तुतारी वाजेल, आणि मेलेले आधीं उठतील. मग जे जिवंत असतील ते त्यांच्यासह मेघांत उचलले जाऊन अंतराळांत प्रभूस भेटतील, आणि पुढें वियोग म्हणून राहणार नाहीं. ह्या गोष्टी सांगून एकमेकांचें समाधान करा, असा त्याचा समारोप आहे. म्हणजे जिवंत मनुष्यास मागें राहण्याची भीति घालण्याकरितां हें वचन लिहिलेलें नाहीं. मेलेला मनुष्य मागें पडणार नाहीं असा धीर शोकग्रस्तांस देण्याकरितां तें लिहिलें आहे. मागें कोण राहील, त्याचें काय होईल, ह्याविषयीं त्या परिच्छेदांत एक अक्षरही नाहीं.

आतां ह्या वचनांतील दोन शब्दांकडे पाहूं. ‘उचलले जाणें’ ह्यास मूळ ग्रीकमध्यें ‘हार्पाझो’ हा धातु आहे. त्याचा अर्थ झडप घालून नेणें. योहानाच्या शुभवर्तमानांत लांडगा मेंढरास धरून नेतो, तेथेंही हाच धातु आहे. आणि पौल आपल्या एका दर्शनाविषयीं बोलतांना तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेल्या गेलेल्या मनुष्याचा उल्लेख करितो, तेथेंही हाच. लॅटिन भाषांतरांत ह्या ठिकाणीं ‘रापेरे’ ह्या धातूचें रूप आलें, आणि त्यावरूनच इंग्रजी ‘रॅप्चर’ हा शब्द निघाला. सारांश, हा शब्द वेग आणि सामर्थ्य सांगतो. उचलल्यावर कोठें न्यावयाचें, हें तो सांगत नाहीं.

दिशेचा प्रश्न दुसऱ्या शब्दावर अवलंबून आहे. तो शब्द ‘आपान्तेसिस’ म्हणजे भेट. पण ही भेट म्हणजे सहज रस्त्यांत गांठ पडणें नव्हे. राजा किंवा मोठा अधिकारी नगरास येऊं लागला म्हणजे नागरिक वेशीबाहेर बरेंच अंतर चालून जात, त्याचें स्वागत करीत, आणि मिरवीत त्यास नगरांत आणीत. ह्या स्वागतास हा शब्द ग्रीक लेखक लावीत असत. राजाच्या अशा आगमनास ‘पारूसिया’ म्हणत, आणि पौलानें प्रभूच्या येण्यास तोच शब्द योजिला आहे. १९३० सालीं एरिक पीटरसन ह्या जर्मन विद्वानानें ह्या चालीकडे विशेष लक्ष वेधिलें. नव्या करारांत ‘आपान्तेसिस’ आणखी दोन प्रसंगीं येतो. दहा कुमारींच्या दृष्टान्तांत त्या वरास भेटावयास बाहेर पडतात, आणि वर आल्यावर त्याच्यासह लग्नघरांत शिरतात. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ ह्या ग्रंथाच्या शेवटीं पौल रोमेकडे येत असतां तेथील बंधुजन त्यास भेटण्याकरितां पुढें चालून येतात आणि त्याच्याबरोबर रोमेस परत जातात. दोन्ही ठिकाणीं भेटावयास गेलेले लोक आले त्याच वाटेनें मागें फिरतात.

प्रचलित मराठी शास्त्रांत थेस्सलनीकेच्या पत्रांतील ह्या स्थळीं ‘सामोरे’ हा शब्द योजिलेला आहे. इंग्रजींत ‘भेटणें’ ह्या अर्थाच्या साध्या शब्दांत जें हरवून जातें, तें मराठींत अनायासें राहिलें आहे. पाहुण्यास सामोरें जाणें, पालखीस सामोरें जाणें म्हणजे काय हें आपल्याकडील कोणत्याही खेड्यांतील लहान मुलासही ठाऊक असतें: शिवेपर्यंत जावयाचें आणि पाहुण्यास गांवांत घेऊन यावयाचें. आणि वरास सामोरें जाण्याचा तर आपल्याकडे संस्कारच आहे. वऱ्हाड गांवच्या सीमेवर येऊन थांबतें. वधूपक्ष वाजतगाजत तेथें जातो. वराची पूजा होते. आणि मग सर्वजण मिळून त्यास मांडवाकडे आणतात. ह्याचें नांव सीमांतपूजन. सीमेवर भेट झाली म्हणून वधूपक्ष तेथूनच वराच्या गांवीं निघून जात नाहीं. ह्या अर्थानें पाहिलें तर मेघांतील भेट म्हणजे पृथ्वीच्या वेशीवरचें सीमांतपूजन ठरते. उचलले गेलेले लोक आपल्या राजास घेऊन पृथ्वीवरच परत येतात.

परंतु पुरी बाजू सांगावयाची तर लग्नांत सीमांतपूजनाप्रमाणें पाठवणीही असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत येशू शिष्यांस सांगतो कीं, पित्याच्या घरीं पुष्कळ जागा आहे, मी तुमच्याकरितां तेथें स्थळ सिद्ध करावयास जातों, आणि परत येऊन तुम्हांस आपल्याजवळ घेईन. हें बोलणें सीमांतपूजनाचें नसून पाठवणीचें आहे. येथें वर वधूस आपल्या घरीं नेतो. उचलले जाण्याची समजूत मानणारे लोक ह्या वचनावर भर देतात, आणि तो भर अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. शिवाय ‘आपान्तेसिस’ हा शब्द प्रत्येक वेळीं राजस्वागताच्या ठराविक विधीचाच वाचक असतो असें नाहीं, असेंही कांहीं विद्वानांनीं अलीकडे दाखविलें आहे. तेव्हां एका शब्दाच्या जोरावर वाद मिटत नाहीं. वादाचें स्वरूप मात्र स्पष्ट होतें: सीमांतपूजन कीं पाठवणी?

ह्याखेरीज जें वचन लोकांच्या मनांत फार खोल रुजलें आहे तें मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांतील. दोघे शेतांत असतील, त्यांपैकीं एक नेला जाईल व एक राहील. दोघी जात्यावर दळीत असतील, त्यांपैकीं एक नेली जाईल व एक राहील. पहांटे समोरासमोर बसून एकाच खुंट्यास हात घालणाऱ्या सासूसुना किंवा जावाजावा आपल्याकडे घरोघर दिसत असत. त्यांतील एक नाहींशी होऊन जातें अर्ध्यावर थांबलेलें डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे ह्या चित्राची धार कळते. पण नेली गेलेली ती भाग्यवान् कीं राहिलेली ती? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ह्याच ठिकाणीं आधीं नोहाच्या काळच्या जलप्रलयाचा दाखला दिला आहे, आणि त्या दाखल्यांत प्रलयानें जे नेले ते बुडाले. जे राहिले ते तरले. प्रलयानें नेणें आणि जात्यावरून नेलें जाणें ह्यांस मूळांत दोन भिन्न धातु योजिले आहेत, म्हणून ह्या युक्तिवादासही उत्तर आहे. तथापि ‘मागें राहणें’ म्हणजे नाश हें गृहीत धरून चालणें ह्या वचनाच्या आधारें तरी सुरक्षित नाहीं.

पौलाच्या दुसऱ्या पत्रावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. थेस्सलनीकेंतील कांहीं लोकांनीं प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच असें धरिलें, आणि कित्येकांनीं तर कामधंदा सोडिला. पौलानें त्यांस बजाविलें कीं, आधीं मोठा धर्मत्याग होऊन अधर्माचा पुरुष प्रकट झाल्याशिवाय तो दिवस यावयाचा नाहीं. आणि जो काम करणार नाहीं त्यानें खाऊंही नये. मंडळी महासंकटाच्या आधींच उचलली जाणार असती, तर हें उत्तर देण्याऐवजीं ‘तुम्ही अजून येथेंच आहां, ह्यावरूनच समजा’ असें एका वाक्यांत सांगतां आलें असतें, असा आक्षेप विरुद्ध पक्षाचे लोक घेतात. आम्हांस तो वजनदार वाटतो.

पुढील सतराअठरा शतकें ख्रिस्ती मंडळीनें ह्या विषयांत काय मानिलें? पहिल्या शतकांतील जस्टिन, आयरेनियस इत्यादि आचार्य नव्हेत, तर दुसऱ्या शतकांतील हे आचार्य प्रभु येऊन पृथ्वीवर सहस्र वर्षें राज्य करील असें मानीत. पण भक्तांस त्या आधींच्या संकटांतून जावें लागेल अशीच त्यांची समजूत होती. पांचव्या शतकाच्या आरंभीं ऑगस्टीननें तीं सहस्र वर्षें म्हणजे मंडळीचा चालूं असलेला काळच होय असा अर्थ लाविला, आणि पश्चिमेकडे तोच रूढ झाला. पंथोपपंथ कितीही झाले तरी प्रभु पुन्हां येऊन जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील एवढें सर्वांस मान्य राहिलें. गोवा व वसई येथील रोमन कॅथॉलिक असोत, मलबारचे सिरियन असोत, अथवा प्रॉटेस्टंटांतील जुने मोठे पंथ असोत, त्यांच्या श्रद्धासूत्रांत आगमन एकच आहे. त्याआधीं गुप्तपणें मंडळी नेण्याकरितां निराळें आगमन असें त्यांत नाहीं.

हा निराळेपणा जॉन नेल्सन डार्बी ह्यांच्या नांवाशीं जोडला जातो. १८०० सालीं जन्मलेले हे गृहस्थ आयर्लंडांतील प्रस्थापित मंडळींत धर्मगुरु होते. पुढें ती सोडून ते ‘ब्रदरन’ ह्या नव्या पंथाचे पुढारी झाले. फ्रेंच राज्यक्रांतीनें व नेपोलियनच्या युद्धांनीं यूरोप हादरून गेलेला होता, आणि भविष्यवचनांचा उलगडा करण्याकरितां विद्वान् व श्रीमंत मंडळी परिषदा भरवीत होती. आयर्लंडांत पॉवर्सकोर्ट येथें १८३१ पासून भरलेल्या अशाच परिषदांतून डार्बींचें मत आकारास आलें. दानीएलाच्या ग्रंथांत सत्तर ‘सप्तकें’ सांगितलीं आहेत. एक सप्तक म्हणजे सात वर्षें असें धरितात. डार्बींच्या मतें त्यांपैकीं एकुणसत्तर ख्रिस्तापर्यंत संपलीं, पण यहूदी राष्ट्रानें त्याचा स्वीकार न केल्यामुळें घड्याळ थांबलें. मंडळीचा सर्व काळ म्हणजे ह्या थांबलेल्या घड्याळांतील मधली जागा. उरलेलें सत्तरावें सप्तक म्हणजेच महासंकटाचीं सात वर्षें. तें यहूदी राष्ट्राचें असल्यामुळें तें सुरू होण्यापूर्वीं मंडळीस पृथ्वीवरून काढून घेणें प्राप्तच होतें. ह्यावरून दिसेल कीं उचलले जाण्याची समजूत थेस्सलनीकेच्या वचनांतून सरळ निघालेली नाहीं. काळाची एक मोठी मांडणी आधीं ठरली आणि तिच्यांत हें वचन एका विवक्षित जागीं बसविलें गेलें. डार्बींच्या पंथांतच बेंजामिन न्यूटन, ट्रेगेलस ह्यांसारख्या मातबर मंडळींस तें पटलें नाहीं.

मग हें मत इतकें पसरलें कसें? अमेरिकेंत विल्यम मिलर ह्यांच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ ही प्रभूच्या येण्याची तारीख धरून ठेविली होती. कित्येकांनीं उभें पीक शेतांतच सोडिलें. तो दिवस इतर दिवसांसारखाच उगवला आणि मावळला. ह्या फजितीनंतर तारीख न सांगणारी, केव्हांही घडूं शकेल एवढेंच म्हणणारी डार्बींची शिकवण लोकांस अधिक शहाणपणाची वाटली. १८६२ पासून डार्बींनीं अमेरिकेचे अनेक दौरे केले. पुढें १९०९ सालीं स्कोफील्ड ह्यांनीं ह्याच मांडणीच्या टीपा घालून बायबलची आवृत्ति काढिली. वचन आणि टीप एकाच पानावर आल्यामुळें पुष्कळ साध्या वाचकांस दोहोंतील भेद उरला नाहीं. पहिल्या महायुद्धानें सुधारणेवरील विश्वास ढासळला. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झालें, तेव्हां थांबलेलें घड्याळ पुन्हां चालूं झालें असें ह्या मताच्या लोकांस वाटलें. १९९५ पासून तर ह्या विषयावरील इंग्रजी कादंबऱ्यांच्या मालिकेच्या कोट्यवधि प्रती खपल्या.

आपल्या प्रांतीं ही लाट एका वाटेनें आली नाहीं. ब्रदरन पंथाचे आद्य धर्मप्रचारक अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज १८३३ सालीं बगदादहून मुंबईस उतरले. पण त्यांचें कार्य पुढें दक्षिणेंत झालें. अहमदनगर व सातारा येथें काम करणाऱ्या अमेरिकन मिशनची वृत्ति बहुतांशीं निराळी होती. शाळा, छापखाने, दवाखाने ह्यांच्या द्वारें देवाचें राज्य जगांत खमिरासारखें हळूहळू पसरेल, ही त्या काळच्या तशा पंथांची सर्वसाधारण श्रद्धा होती. ह्याच श्रद्धेच्या भूमींत वाढलेले कवि नारायण वामन टिळक १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास राहावयास आले आणि त्यांनीं ‘देवाचा दरबार’ काढिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांस त्यांत जागा होती. ९ मे १९१९ रोजीं ते वारले, आणि तो दरबार फार दिवस टिकला नाहीं. पण त्याची दिशा ध्यानांत घेण्यासारखी आहे. टिळकांस येथून कोणास उचलून न्यावयाचें नव्हतें; प्रभूस येथें, ह्या देशांत, ह्याच लोकांत बसावयास आसन मांडावयाचें होतें. सीमांतपूजनाचा पक्ष म्हणावा तो हा.

दुसऱ्या पक्षाचा एक धागा कोल्हापुराशीं जुळतो, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. रॉयल वाइल्डर ह्यांनीं १८५२ सालीं कोल्हापुरांत मिशन स्थापिलें. १८६३ सालीं तेथेंच त्यांस रॉबर्ट नांवाचा मुलगा झाला. अमेरिकेस परतल्यावर वडिलांनीं १८७८ सालीं धर्मप्रसारविषयक मासिक काढिलें. त्यांच्या पश्चात् तें आर्थर पिअर्सन ह्यांच्या हातीं आलें. पिअर्सन हे प्रभु लवकर येणार असें मानणारे, आणि सर्व राष्ट्रांत सुवार्ता गाजल्यावर शेवट होईल ह्या मत्तयाच्या वचनावर त्यांची दृष्टि खिळलेली. १८८६ सालीं माउंट हर्मन येथील विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत त्यांचें भाषण झालें, आणि रॉबर्ट वाइल्डरच्या खटपटीनें शंभर तरुणांनीं परदेशीं जाण्याचा निश्चय केला. त्यांतून जी विद्यार्थिचळवळ निघाली तिचें ब्रीद, ह्याच पिढींत साऱ्या जगास सुवार्ता सांगावयाची, असें होतें. पुढें जॉन मॉट ह्यांनीं हें भाकीत नसून कर्तव्य आहे असा खुलासा केला; पण त्या ब्रीदांतील घाई कोठून आली हें ओळखणें कठीण नाहीं. वऱ्हाडखानदेशांत काम करणाऱ्या अलायन्स मिशनचे संस्थापक सिम्पसन ह्यांच्या चतुर्विध शिकवणींतही तारणारा, पवित्र करणारा, बरें करणारा ह्यांच्या जोडीस ‘येणारा राजा’ हें चवथें अंग होतें.

आणि केडगांव. १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन दुष्काळ, त्यांत १८९६ पासून प्लेग. सातारा जिल्ह्यानेंही हे दिवस पाहिले. ह्या काळांत पंडिता रमाबाईंनीं मुक्तिसदनांत शेंकडों अनाथ मुली व विधवा आणून सांभाळिल्या. १९०५ च्या जूनमध्यें तेथें प्रार्थनेचा जो उमाळा आला, त्याची वार्ता जगभर गेली. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स ह्यांनीं १९०६ सालीं त्यावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेंत चिली देशापर्यंत पोंचली व तेथील नव्या चळवळीस कारण झाली. अशा जागृतीस त्या काळचे भाविक ‘शेवटला पाऊस’ म्हणत. पॅलेस्टाइनांत पेरणीच्या वेळीं पहिला व कापणीच्या आधीं शेवटला असे दोन पाऊस होतात. तेव्हां शेवटला पाऊस आला म्हणजे कापणी, अर्थात् प्रभूचें येणें, जवळ आलें. ज्या मुलींनीं आईबाप, भावंडें, घरदार सर्व दुष्काळांत जातांना पाहिलें, त्यांस मेलेले आधीं उठतील व मग सर्वांची एकत्र भेट होईल हें वचन कसें वाटलें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. थेस्सलनीकेच्या मंडळीचा प्रश्न त्यांच्या तोंडीं जसाच्या तसा होता. आणि रमाबाई स्वतः काय करीत होत्या? त्या हिब्रू व ग्रीक शिकून साऱ्या बायबलचें मराठी भाषांतर करीत होत्या. १९२१ सालीं एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी तें काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं मृत्यु येण्यापूर्वीं त्यांनीं तें तडीस नेलें. शेवट जवळ आला असें वाटणाऱ्या वातावरणांतही पुढच्या पिढ्यांकरितां शब्द न् शब्द पारखीत बसणें, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. प्रभु उद्यां येवो अथवा शतकानें, दळण टाकून उठावयाचें नाहीं, असाच तिचा भाव आहे.

ह्या सर्व इतिहासावरून आमचा अभिप्राय असा झाला आहे. उचलले जाण्याचें वचन शास्त्रांत आहे. तें कोणी मागाहून घुसडलेलें नाहीं. पण महासंकटापूर्वीं गुप्तपणें नेलें जाणें आणि बाकीच्यांनीं मागें राहणें ही त्याची मांडणी सुमारें दोनशें वर्षांची आहे. ती मानणाऱ्यांची श्रद्धा आम्ही हलकी लेखीत नाहीं. जग सुधारत नाहीं असा अनुभव आलेल्या माणसास सुटकेची आशा लागते, आणि पाठवणीचें चित्रही शास्त्रांत आहेच. परंतु मूळ वचन सांत्वनाचें होतें, आणि तेंच मुलांस धाक घालण्याकरितां वापरलें जातें, तेव्हां अर्थाचा नव्हे तर हेतूचाच विपर्यास होतो. तारखा ठरविणाऱ्यांची तर गोष्टच नको. २१ मे २०११ हीही एक तारीख होती, आणि तिच्यासाठीं लोकांनीं आपली पुंजी खर्च केली.

उंब्रजच्या त्या गृहस्थांस आम्हीं पत्र लिहून कळविलें तें थोडक्यांत असें: पौलाच्या त्या परिच्छेदांत ‘त्यांच्यासह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आधीं गेलेले व मागें उरलेले ह्यांची ताटातूट होऊं नये, एकास टाकून दुसऱ्यानें प्रभूस भेटूं नये, ह्याच काळजीनें तें लिहिलें गेलें. तेव्हां आपल्या मातोश्रींनीं घागर खालीं ठेवितां ठेवितां जें उत्तर दिलें, त्यांत मायेइतकेंच शास्त्रही होतें. त्या उपदेशकाच्या प्रवचनापेक्षां तें थेस्सलनीकेच्या पत्रास अधिक जवळचें होतें.